सोळा सेंटिमीटरची पोळी

आइंडहोवनच्या वुन्सेल भागात एकसारख्या विटांच्या घरांची एक रांग आहे. त्यातल्या एका दारासमोर संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला सायकली लागायला लागत. पाच, दहा, कधी पंधरा. शेजारच्या डच आजीबाईंची पहिले काही आठवडे अशी समजूत होती, की या घरात कोणीतरी वारलंय आणि माणसं भेटायला येतायत. मग एक दिवस फोडणीचा वास भिंत ओलांडून त्यांच्याकडे गेला आणि उलगडा झाला. इथे कोणी वारलेलं नव्हतं. इथे कोणीतरी पोरांना जेवायला घालत होतं.

ती कमल. वय अठ्ठेचाळीस, उंची बेताची, पण आवाज असा, की मागच्या अंगणातून बोलली तरी पुढच्या दारात ऐकू यावा. असा आवाज शिकवून येत नाही, तो घेऊनच यावं लागतं. नागपूरच्या इंदोऱ्यात वाढलेली, लग्नानंतर पंधरा वर्षं तिथेच शाळेत शिकवलेली, आणि मग नवऱ्यामागोमाग इथे आलेली. नवरा राजानंद एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचा. दुसऱ्यानं केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. "घरात मात्र एक चूक काढू देत नाही ही बाई," असं तो म्हणे, पण ती आंघोळीला गेल्यावर. मुलगी मनाली टिलबर्गला विद्यापीठात होती. आई मराठीत विचारी, मुलगी इंग्रजीत उत्तर देई, आणि राग आला की डचमध्ये.

या घरात येऊन दोन वर्षं झाली होती, आणि कमलचा डबाही तेवढाच जुना. घर निवडलं तेच मुळी गॅस बघून. नव्या इमारतींतून इथे गॅस हद्दपार झालाय. सगळीकडे काचेची सपाट शेगडी, तिच्यावर सपाट बुडाचंच भांडं तापतं. कमलचा तवा नागपूरचा, लोखंडी, मधे खोलगट. त्या काचेवर तो भोवऱ्यासारखा फिरे, पण तापत नसे. इथे मात्र चार ज्योतींची जुनी शेगडी होती. पहिल्या दिवशी तिनं ती पेटवली, निळ्या ज्योतीकडे बघितलं आणि राजानंदला म्हणाली, "घ्या हे घर. बाकी काही पाहू नका."

रीतसर नोंदणी केली, स्वयंपाकघर तपासून घेतलं आणि डबा सुरू झाला. चार पोळ्या, भाजी, वरण, भात. बुधवारी पातोडीचा रस्सा, शुक्रवारी गोळाभात. नऊ युरो. महिन्याचे पैसे आगाऊ. बावीस पोरं-पोरी, बहुतेक पुण्या-मुंबईची, चिपच्या यंत्रांच्या कामाला आलेली, दिवसभर केसाच्या हजाराव्या भागाचा हिशोब करून संध्याकाळी भुकेनं काळवंडलेली. डब्याच्या ग्रुपवर रोज रात्री फोटो येत. "काकू, आजचा रस्सा म्हणजे कहर!" रिकामा डबा कोणी तसाच परत करत नसे. आपापल्या आईनं लावलेलं वळण. कोणी आत दोन चॉकलेटं ठेवी, कोणी एखादं सफरचंद, आणि काहीच नसलं तर चिमूटभर साखर.

मग दोन हजार बावीस साल उजाडलं.

तिकडे युद्ध सुरू झालं आणि इकडे दुकानातल्या तेलाच्या फळ्या ओस पडल्या. पाटी लागली, माणशी दोनच बाटल्या. कमल आणि राजानंद त्या दिवसांत दुकानात अनोळखी होऊन शिरत. ती पुढच्या दारानं, तो दहा मिनिटांनी. दोघं दोन वेगळ्या रांगांत, चेहऱ्यावर परकेपणा, टोपलीत दोन-दोन बाटल्या. एकदा राजानंद विसरला आणि रांगेतून ओरडला, "अगं, कोथिंबीर घेतली का?" कमलनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "नाटक जमत नसेल तर कशाला काम करता?"

तेलामागोमाग कणीक वाढली, डाळ वाढली. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे गॅस. शरद सरता सरता गॅसचा हप्ता तिपटीला गेला. घरात स्वेटरवर स्वेटर घालून बसायचं, हीटर सतराच्या वर न्यायचा नाही, पण शेगडी कशी बंद ठेवणार? त्यातच परदेशातून आलेल्यांना पाच वर्षं मिळणारी करातली सवलत राजानंदची जूनमध्ये संपली होती. आणि ऑक्टोबरात घरमालकाच्या एजंटाचं पत्र आलं. करार जानेवारीअखेर संपतो. पुढे राहायचं असल्यास भाडं साडेतीनशे युरोंनी जास्त. नसल्यास घर रिकामं करावं.

राजानंदनं पत्र दोनदा वाचलं. चूक सापडते का ते बघत असावा. सापडली नाही.

"हेल्मंडला एक फ्लॅट आहे," तो म्हणाला. "स्वस्त आहे."

"शेगडी?"

"काचेची."

"मग डबा?"

त्यानं पत्राची घडी घातली. मग हळूच म्हणाला, "डबा टिकला तर हे घर टिकते कमल. सरळ आहे. पण नऊ युरोत आता डबा टिकत नाही. तू त्या पोरांना पुरवून राहिली, तुला काय उरून राहिलं? बारा कर."

"बारा? तोंडानं कसं सांगू?"

"तोंडानं नको सांगू. ग्रुपवर लिही."

"भुकेल्या पोराला दारात उभं करून म्हणू, तीन युरो जास्त टाक, मग जेव? माझ्यानं नाही होत."

नवऱ्याला वाटलं, हिला व्यवहार कळत नाही. पण तसं नव्हतं. कमलची आई इंदोऱ्यात खानावळ चालवायची. वसतिगृहात जागा न मिळालेली, खेड्यापाड्यांतून शिकायला आलेली पोरं तिच्या ओसरीवर पंगतीला बसत. त्या ओसरीवर भाव कधी बोलला गेला नाही. बाजार चढला की भाकर एवढीशी लहान व्हायची आणि रस्सा एवढासा पातळ. पोरं पानाकडे बघत, एकमेकांकडे बघत, आणि मुकाट जेवत. सगळ्यांना कळायचं, मावशीची ओढाताण चालली आहे. बाजार उतरला की भाकर पुन्हा ताटभर. त्यात मावशीनं काही लपवलं नाही आणि पोरांनी काही विचारलं नाही. ती एक रीत होती, आणि सभ्य रीत होती. कमलनं ती लहानपणी डोळ्यांनी पाहिली होती.

तेव्हा तिनं तेच केलं. नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी कणकेचा गोळा जरासा लहान घेतला. दुसऱ्या आठवड्यात आणखी जरासा. पूर्वी पोळी तव्याच्या काठाला जाऊन टेकायची. आता भोवती काळं कडं दिसायला लागलं. वरणात एक वाटी पाणी जास्त. तिला वाटलं, पोरांना कळेल आणि कळून ती गप्प राहतील. शहाण्या घरची आहेत.

आता प्रवेश होतो सारंगचा.

सारंग पुण्याचा. वय एकोणतीस, अंगानं किडकिडीत, दाढी कोरलेली, बोलणं मोजकं. कंपनीत तो मापं घ्यायचा. दिवसभर आरशासारख्या तबकड्यांवरची उंची-खोली मोजायची, आणि एका ठरावीक आकड्याच्या पलीकडे फरक गेला की सगळं काम थांबवायचं. असा माणूस जेवायला बसला म्हणून मोजणं थांबेल कसं? दुसऱ्या आठवड्यात त्याला पोळी हातात वेगळी लागली. त्यानं खण उघडून पट्टी काढली. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातला काटा आणला. फ्रीजरमध्ये ऑक्टोबरातली एक पोळी पडून होती, पहिली नोंद तिची. मग बारा दिवस रोज चारही पोळ्यांचं माप घेतलं, नोंदवलं, सरासरी काढली, आणि डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी दुपारी ग्रुपवर एक आलेख टाकला.

आडव्या रेषेवर तारखा. उभ्या रेषेवर ग्रॅम. निळी रेघ घसरगुंडीसारखी खाली येत होती. बेचाळीस ग्रॅमपासून एकतीसपर्यंत. व्यास एकोणीस सेंटिमीटरवरून सोळा. खाली एकच ओळ. "पैसे मोठ्या पोळीचे घेतले, दिली लहान. याला मराठीत फसवणूक म्हणतात."

कमल तेव्हा कणीक मळत होती. फोन वाजला, वाजतच राहिला. तिनं कोपरानं पडदा उजळला.

"अरे बाप रे. म्हणजे मला उगीच वाटत होतं की माझी भूक वाढली," कोणीतरी लिहिलं.

"पोळीची पुरी झाली. जानेवारीपर्यंत पाणीपुरी होईल." हा आशुतोष, ग्रुपमधला विदूषक. त्याच्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

"तेव्हा पुदिन्याचं पाणी वेगळं चार्ज होणार."

"वरणात तर मी काल माझा चेहरा बघितला."

"काकूंना महागाई, आम्हाला नाही? माझी खोली साडेअकराशेची झाली."

"हे नगरपालिकेला कळवता येतं का? वजनमापाचा काही नियम असेल ना?"

वैदेही नावाची एक मुलगी, मुंबईची, तेवढी म्हणाली, "अरे, आधी काकूंना विचारा तरी." तिच्या वाक्याखाली कोणीच हसलं नाही आणि कोणी उत्तरही दिलं नाही.

कमलनं हात धुतले. पाटावर बसावं तशी खुर्चीवर बसली आणि तो एक शब्द पुन्हा वाचला. फसवणूक. तिच्या आईला उभ्या आयुष्यात हा शब्द कोणी म्हटला नव्हता. तिच्या ओसरीवर जेवलेले तीन जण पुढे कलेक्टर झाले, त्यांनीसुद्धा नाही.

राजानंद घरी आला, त्यानं वाचलं आणि त्याचं डोकं फिरलं. त्यानं बायकोच्या वतीनं ग्रुपवर इंग्रजीत एक निवेदन टाकलं. आदरणीय सर्व, अशी सुरुवात. मग निरीक्षण, मग मूळ कारण, मग परिणाम, सात मुद्दे, त्यांना अ-ब-क असे पोटमुद्दे. शेवटी, या विषयावर पुढील चर्चा व्यक्तिशः करावी, आभारी आहोत.

आशुतोषनं लिहिलं, "काका, बग मान्य केलात, पण फिक्स कधी?"

रात्रीपर्यंत सात जणांनी कळवलं, पुढच्या महिन्यापासून डबा नको. राजानंदनं फोन सोफ्यावर आपटला. "काऊन लिहिलं तुम्ही?" कमल म्हणाली. "माझी अब्रू काय कमी गेली होती, की वरून तिला क्रमांक दिले?"

मनालीचा टिलबर्गहून फोन आला. "आई, जस्ट रेझ द प्राइस. इट्स नॉट अ क्राइम."

"तुला नाही कळणार."

"व्हॉट इज देअर टु अंडरस्टँड? दू नॉर्माल, आई." सरळ वाग ना, असं डच लोक ज्याला-त्याला ऐकवतात, तेच. आईनं फोन ठेवला.

शुक्रवारी संध्याकाळी धुकं होतं. आदल्या संध्याकाळी परत आलेले डबे उघडताना तिच्या लक्षात आलं, आत काही नाही. साखरही नाही. दोन तर विसळलेलेसुद्धा नव्हते. तिनं ते घासले, पुसले, भरले. गोळाभाताचा दिवस होता. पोळ्या तिनं कालच्या एवढ्याच लाटल्या. हट्टानं.

साडेपाचला सायकली आल्या. सहा-सात जण. एरवी आत डोकावून वास घेणारी ही पोरं आज दारापासून हातभर लांब उभी. सगळ्यांत पुढे सारंग, हेल्मेट हातात.

"काकू, महिन्याचे उरलेले पैसे परत हवेत," तो म्हणाला. "मी हिशोब मेसेज केलाय."

"आत ये."

"नको, इथेच ठीक आहे."

"बूट काढ आणि आत ये. भांडायचं तर उंबऱ्यावर उभं राहून नाही भांडायचं. तुम्ही पण या रे, आशुतोष, ये. तमाशा बघायला आलाच आहेस तर समोरची जागा घे."

स्वयंपाकघरात दाटी झाली. चष्म्यांवर वाफ धरली. राजानंद फ्रिजला टेकून उभा, हाताची घडी, चेहऱ्यावर सातही मुद्दे. कमल शेगडीकडे पाठ करून उभी राहिली.

"शेवटची किती भरली?" तिनं विचारलं.

"एकतीस ग्रॅम," सारंग म्हणाला.

"आणि पहिली?"

"बेचाळीस."

"बरोबर आहे. तू खोटं लिहिलं नाहीस." ती थांबली. "पण फसवणूक लिहिलंस. का लिहिलंस?"

"मग काय लिहू?"

"माझ्या आईची खानावळ होती. बाजार चढला की भाकर लहान व्हायची. पोरांना कळायचं. कोणी तिला चोर म्हटलं नाही."

"काकू," सारंग म्हणाला, आणि त्याचा आवाज चढला, "तिथे पोरं समोर बसून जेवत होती ना? पोट नाही भरलं तर आणखी एक मागत असतील. तुमच्या आईनं वाढली असेल. मला डब्यात चारच येतात. मी कोणाकडे मागू? डब्याकडे?"

ओसरीवर वाढणाऱ्या आईचा हात कमलला आठवला. भाकर लहान होती हे खरं, पण दुसरी मागितली तर नाही कधी म्हटलं नव्हतं, हेही खरं. रीत तिनं इथवर आणली होती, पण अर्धीच.

"आणि चार पोळ्या मी एका वेळेला खात नाही," सारंग पुढे बोलत गेला. आता तो तिच्याकडे बघत नव्हता, तव्याकडे बघत होता. "दोन रात्री. दोन दुसऱ्या दिवशी दुपारी. कँटीनला आठ युरो होतात. खोलीचं भाडं, कर्जाचा हप्ता, घरी पाठवायचे, काय उरतं? दुपारी त्या दोन पोळ्यांवर पाच वाजेपर्यंत निघायचं. नोव्हेंबरात साडेतीनलाच हात थरथरायला लागले. मला वाटलं मी आजारी आहे. म्हणून मोजल्या."

आशुतोषच्या तोंडाशी कसलासा विनोद आला होता, तो त्यानं गिळला. इतका पगार घेणारा माणूस दुपारी शिळ्या दोन पोळ्या खातो हे तिथल्या कोणालाच माहीत नव्हतं. कदाचित आणखीही दोघं-तिघं तसंच करत असतील. ती पोरं जमिनीकडे बघत होती.

क्षणभर असं वाटलं, की आता कमल पुढे होऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवणार. पण तो शब्द अजून सलत होता.

"मग हे मला येऊन सांगायचं होतंस," ती म्हणाली. "काकू, पुरत नाही. तीन शब्द. चारचौघांत आलेख काऊन लावलास?"

"तुम्हीही सांगायचं होतं. परवडत नाही म्हणून. गपचूप पोळी का कमी केलीत?"

बाहेर कोणाच्या तरी सायकलची घंटी वाजली. कुकरची शिट्टी व्हायची होती ती नेमकी आत्ता झाली आणि सगळे दचकले.

"सांगते," कमल म्हणाली. "आता सांगते, नीट ऐका. नंतर कोणी म्हणू नका गपचूप केलं." आणि तिनं तो आवाज लावला. शेजारच्या आजीबाईंनी टीव्ही बारीक केला असेल. "पोळी लहान केली ती मी केली. सांगितलं नाही, ती माझी चूक. सोमवारपासून पोळी बेचाळीस ग्रॅमची. काटा तिथे टेबलावर असेल, ज्याला मोजायचं त्यानं मोजावं. वरण पहिल्यासारखं. आणि डबा साडेबारा युरो."

"साडेबारा?" कोणीतरी मागून म्हणालं.

"बारा नव्हते ठरले?" राजानंद पुटपुटला.

"साडेबारा. माझा गॅस, माझं तेल, माझे खांदे. चोरून देणार नाही, आणि फुकटही देणार नाही."

"मला साडेबारा परवडत नाहीत," सारंग म्हणाला. खाली मान घालून नाही, सरळ म्हणाला.

त्या वेळी ती म्हणू शकली असती, तुला नऊलाच देते, कोणाला सांगू नको. म्हणावंसं तिला वाटलंही असेल. पण पुन्हा गपचूप? पुन्हा एकाला एक आणि दुसऱ्याला एक? तिनं कपाटातला स्टीलचा डबा काढला, त्याचे उरलेले पैसे त्याच्या हातावर ठेवले. आजच्या दिवसाचे कापून.

"आजचा डबा नेऊन खा. पैसे कापलेत."

"नको मला."

"तुझा आहे तो. तुझ्या पैशाचा आहे."

त्यानं डबा घेतला, दारापर्यंत नेला, बूट घातले, आणि डबा चपलांच्या मांडणीवर ठेवून निघून गेला. बाकीचेही एकेक करून गेले. कोणी "येतो काकू" म्हणालं नाही. वैदेही तेवढी घुटमळली. "काकू, माझं सोमवारपासून चालू ठेवा," म्हणाली, आणि तीही धुक्यात गेली.

तो डबा रात्री राजानंदनं खाल्ला. तिसऱ्या पोळीला थांबला आणि म्हणाला, "खरंच लहान आहे गं." कमलनं त्याच्याकडे असं बघितलं, की चौथी त्यानं पाठ करून खाल्ली.

शनिवार-रविवार ग्रुप रिकामा होत गेला. अमुक बाहेर पडले, तमुक बाहेर पडले. आशुतोषही गेला, जाताना एक विनोद ठेवून. कमलनं तो वाचला नाही. सोमवारी बावीसातले अकरा उरले.

राजानंद कागद घेऊन बसला. घर सोडायचं पत्र आता लिहावंच लागणार असं त्याला वाटत होतं. त्यानं एकदा मांडलं, खोडलं, पुन्हा मांडलं. मग चष्मा काढून बायकोला हाक मारली. "हे बघ. बावीस डब्यांत तुला जे उरत होतं ना, त्याच्यापेक्षा अकरांत जास्त उरून राहिलं. गॅस निम्मा, कणीक निम्मी. आपण वर्षभर लोकांना आपल्या खिशातून जेवू घातलं, आणि शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्या."

"शिव्या त्यासाठी नाही खाल्ल्या," कमल म्हणाली. "न सांगण्यासाठी खाल्ल्या."

भाडं भरता येणार होतं. तरी तिला आनंद झाला नाही. पहिला आठवडाभर तिचा हात बावीसांचीच कणीक मळत राहिला. उरलेल्या कणकेच्या पोळ्या करून ती राजानंदला तिन्ही वेळा खायला घाली आणि तो निमूट खाई.

नाताळच्या सुट्टीआधी वैदेही डबा न्यायला आली तेव्हा बूट घालता घालता म्हणाली, "काकू, सारंग आता घरीच पोळ्या करतो. रोज स्टेटसला फोटो टाकतो. एकही गोल नाही. विचारत होता, कणीक किती वेळ भिजवायची."

"कोणाला विचारत होता?"

"मला. मला कुठे येतंय."

"मग ज्याला येतं त्याला विचार म्हणावं. त्याच्याकडे माझा नंबर आहे."

"मी तुम्हाला विचारून सांगू का त्याला?"

"नाही," कमल म्हणाली. "तो बोलेल. मी फोन उचलेन. मधे माणूस नको."

त्याचा फोन आला नाही.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एजंट आला. पंचविशीतला, टोकदार बूट, हातात टॅब्लेट. घरभर फिरला. भिंतीवर टकटक केली, खिडक्या उघडून बंद केल्या, स्वयंपाकघराच्या छताकडे बघून नाक ओढलं आणि वासाबद्दल काहीतरी टिपून घेतलं. शेजाऱ्यांची तक्रार आहे का, असं राजानंदनं विचारलं, तर नाही म्हणाला, पण येऊ शकते. मग टेबलाशी बसून त्यानं इंग्रजीत ऐकवलं, की या घरासाठी त्याच्याकडे चाळीस अर्ज पडलेत, मालक उदार आहे म्हणून तुम्हाला आधी विचारलं, आणि भाड्याच्या आकड्यावर चर्चा होणार नाही. राजानंदनं करार पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. एजंट दोनदा घड्याळाकडे बघून चुळबुळला. सही झाली. घर राहिलं.

उठताना एजंटाची नजर ओट्यावर गेली. चौदा डबे मांडले होते, मधे तीन नवी गिऱ्हाइकं आली होती. बुधवार होता, रस्सा उकळत होता.

"हे विकता का तुम्ही?" त्यानं कमलला विचारलं. "कितीला?"

पूर्वी असं कोणी विचारलं की ती राजानंदकडे बघायची, आणि मग राजानंद आकडा सांगायचा. या वेळी राजानंद तयारीत होता, पण तिनं तिकडे बघितलंच नाही.

"साडेबारा," ती म्हणाली. इंग्रजीत, आणि त्याच्या डोळ्यांत बघून.

"ओह." त्यानं भुवया उंचावल्या. "आता तर आपली ओळख झाली. मला काही सूट?"

कमलनं पळी रश्श्यात ठेवली. "अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "याला विचारा, भाड्यात त्यानं किती दिली?"

राजानंद साऱ्या आयुष्यात एजंटाशी, साहेबाशी, सरकारी खिडकीशी कधी वाकडं बोलला नव्हता. त्यानं घसा साफ केला आणि एकही शब्द इकडचा तिकडे न करता ते भाषांतर करून सांगितलं.

एजंट हसला नाही. टॅब्लेट काखेत मारला, दोघांशी हात न मिळवता दार उघडलं आणि गेला. धुक्यात त्याचे टोकदार बूट बराच वेळ टकटकत होते.

"एक गिऱ्हाईक घालवलंस," राजानंद दार लावत म्हणाला.

"जाऊ द्या," कमल म्हणाली. "चौदांचीच कणीक मळली आहे आज. सरका जरा, तवा तापलाय."